महाग कॉफी आणि स्वस्त अभिरुचि

आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत कांहीं मतें अशीं आहेत, कीं तीं कोणीं व केव्हां तपासून पाहिलीं हें सांगतां येत नाहीं. परंतु तीं बोलून दाखविणारास मात्र आपण मोठें व्यवहारचातुर्य प्रकट करीत आहों असें वाटत असतें. "कॉफी ती कॉफी, तिच्यासाठीं दुप्पट दाम मोजणें हा निव्वळ शौक आहे," हें त्यांपैकींच एक मत होय. हें मत सांगणारे गृहस्थ सामान्यतः मितव्ययी, सज्जन व संसारदक्ष असतात. वैशाखांत हेच गृहस्थ देवगडचा हापूस व कर्नाटकांतून आलेला आंबा यांतील भेद नुसत्या वासावरून सांगतात, आणि देवगडच्या पेटीला अधिक भाव देतांना त्यांचा हात मुळींच कांपत नाहीं. आंबेमोहोराला ते कोलमापेक्षां जास्त पैसे देतात. "वनस्पती तूप आणि साजूक तूप एकच," असें त्यांना कोणी सांगूं लागला, तर तो मनुष्य त्यांच्या दृष्टीनें अरसिकच नव्हे, तर लबाडहि ठरेल. तेव्हां गुणाला मोल द्यावें हें तत्त्व त्यांना अमान्य आहे असें नव्हे. तें तत्त्व कॉफीच्या भांड्यापाशीं येऊन अडतें, एवढेंच. तें कां अडतें, व अडल्यानें कोणाचें काय बिघडतें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

कॉफी ही डब्यांत जन्म घेणारी तपकिरी पूड नसून एका फळाची बी आहे, हेंच मुळीं आमच्या बहुसंख्य बंधुभगिनींच्या ध्यानांत नसतें. चिकमगळूर व कोडगू या जिल्ह्यांत मार्च-एप्रिलच्या सुमारास वळवाच्या सरी पडल्या म्हणजे आठ-दहा दिवसांत कॉफीच्या झुडपांवर मोगऱ्याची आठवण व्हावी असा पांढरा, सुवासिक बहर येतो. त्या फुलांचीं फळें होऊन तीं पिकावयास अरेबिका जातीला आठ-नऊ महिने लागतात. रोबस्टा जातीला त्याहून अधिक. परंतु एका फांदीवरचीं सगळीं फळें एकाच दिवशीं पिकत नाहींत. लालबुंद फळाच्या शेजारीं पिंवळें, त्याच्या शेजारीं कच्चें हिरवें, आणि खालीं झाडावरच वाळून काळें पडलेलें, असा सर्व संसार एकाच डहाळीवर नांदत असतो. ज्याला चांगली कॉफी करावयाची आहे, त्याला त्याच झाडापाशीं कांहीं दिवसांच्या अंतरानें तीन-चार वेळां जावें लागतें, आणि दर वेळीं फक्त पिकलेलें फळ बोटांनीं खुडावें लागतें. ज्याला नुसतें वजन भरावयाचें आहे, तो फांदी मुठींत धरून एकदांच ओरबाडतो. पुढें त्या फळांचा गर त्याच दिवशीं काढावा लागतो. चिकट बिया हौदांत ठेवून, धुवून, उन्हांत पसरून वरचेवर उलथाव्या लागतात. वाळवणाचा थर जाड झाला किंवा अवेळीं पाऊस आला, कीं बुरशी धरते. पांच-सहा किलो पिकलीं फळें खुडावीं तेव्हां कोठें एक किलो हिरवी बी हातीं लागते, आणि ती भाजतांना तिचें वजन आणखी पांचव्या-सहाव्या हिश्शानें घटतें. निगुतीनें केलेली कॉफी आणि ओरबाडलेली कॉफी भाजल्यावर सारख्याच तपकिरी दिसतात. किंमतींतील भेद त्या रंगांत शोधूं गेल्यास तो सांपडणार नाहीं. तो फांदीपाशीं शोधला पाहिजे.

यावर आमचे मित्र म्हणतात, "हें सर्व खरें असेल, पण आम्हांला चवींत कांहीं फरक कळत नाहीं, आणि रुचि ही ज्याची त्याची असते." या वाक्यांत दोन निरनिराळीं विधानें एकत्र बांधलीं आहेत, तीं सोडविलीं पाहिजेत. आवडनिवड ज्याची त्याची असते, हें खरें. कोणाला अरेबिकाची सौम्य, किंचित् आंबटगोड चव आवडेल. कोणाला रोबस्टाचा कडवट, जाड घोट आवडेल, व तिच्यांत जवळजवळ दुप्पट असणाऱ्या कॅफीनची तरतरीहि हवीशी वाटेल. यांत वाद घालण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु बुरशीचा वास, आंबून गेलेल्या बीचा उग्र दर्प, किडीनें पोखरलेल्या बीची घाण चव, हे दोष आहेत. त्यांना कोणाची आवड म्हणतां येणार नाहीं. मूठभर उत्तम बियांत एक आंबलेली बी पडली तरी सगळा पेला बिघडतो. हे दोष झांकण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे बी काळी पडेपर्यंत भाजणें. कारण कोळशाची चव सर्व मळ्यांची सारखीच असते. त्यावर पुरेसें दूध व साखर घातली, कीं "फरक कळत नाहीं" हें विधान अक्षरशः खरें होतें. पण तो फरक नसल्याचा पुरावा नव्हे. तो फरक पुसून टाकल्याचा पुरावा आहे.

येथें आपल्या घरच्या एका पदार्थाविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. रात्रीच्या जेवणानंतर पाहुण्यांपुढें येणारी, दुधांत उकळलेली, जायफळ-वेलदोडा घातलेली महाराष्ट्रीय कॉफी प्रस्तुत लेखकास मनापासून आवडते. परंतु तें एक पेयरूप पक्वान्न आहे. त्यांत कॉफीचें काम रंग व किंचित् कडवटपणा देण्यापुरतें असतें. तिच्यासाठीं उंची अरेबिका आणणें म्हणजे आंबेमोहोर इडलीसाठीं भिजत घालण्यासारखें होय. ज्यांच्या घरीं कॉफीचा एवढाच उपयोग होतो, त्यांनीं स्वस्त पूड घ्यावी. त्यांच्याशीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो, या एका अनुभवावरून सर्व कॉफीविषयीं सिद्धान्त ठोकून देणाऱ्यांशीं.

कॉफीची चव पारखण्याची एक रीत आता जगभर रूढ झाली आहे. ठराविक वजनाची पूड, ठराविक जाडीचें दळण, ठराविक प्रमाणांत गरम पाणी, आणि पेल्यांवर नांवांऐवजीं नुसते अंक. परीक्षक चमच्यानें घोट ओढतात व शंभरांपैकीं गुण देतात. ऐंशी किंवा त्यावर गुण मिळाले तर त्या कॉफीस विशेष दर्जाची म्हणावयाचें. आयुष्याचीं अनेक वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविलेल्या मनुष्याची शंभरांपैकीं दिलेल्या गुणांवर फार भाबडी श्रद्धा राहत नाहीं. ऐंशी व ब्याऐंशी यांतील अंतर हें पुष्कळदां परीक्षकाच्या त्या दिवशींच्या प्रकृतीचें अंतर असतें. परंतु साठ व पंचाऐंशी यांतील अंतर तसें नसतें, हेंहि त्याच अनुभवावरून सांगतां येतें. नांव झांकण्याची आवश्यकता मात्र खरी आहे. २००८ मध्यें अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत एकच मद्य दहा डॉलरचें म्हणून व नव्वद डॉलरचें म्हणून पाजलें, तेव्हां पिणारांना तें नव्वद डॉलरचें म्हणून प्यालें असतां अधिक रुचकर लागलें. हा प्रयोग आमचे काटकसरी मित्र मोठ्या आनंदानें सांगतात. परंतु त्यावरून सिद्ध होतें तें एवढेंच, कीं किंमत ऐकून चव ठरवूं नये. हा नियम दोन्ही बाजूंस लागू आहे: महाग म्हणून चांगली म्हणूं नये, तसेंच महाग म्हणून ढोंगहि म्हणूं नये.

आता स्वस्त कॉफी घेणारा नेमकें काय विकत घेतो तें पाहूं. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणें कॉफी-चिकोरीच्या मिश्रणांत कॉफीचें प्रमाण शेंकडा ५१ हून कमी असतां कामा नये, व तें प्रमाण वेष्टनावर छापलें पाहिजे. म्हणजे उरलेले शेंकडा ४९ पर्यंत चिकोरी असूं शकते. चिकोरी म्हणजे कॉफीची कोणी धाकटी बहीण नव्हे. तें एका निराळ्याच वनस्पतीचें भाजलेलें मूळ आहे. गुजराथेंत जामनगर, आणंद व खेडा या भागांत आणि उत्तर प्रदेशांत एटा जिल्ह्यांत तिची लागवड होते. तिच्यांत कॅफीन नाहीं. तिनें पेयाला काळा रंग, जाडपणा व कडवट गोडी येते. १८०६ नंतर नेपोलियननें इंग्लंडचा व्यापार अडविला, तेव्हां युरोपांत कॉफी मिळेनाशी झाली, आणि फ्रेंच लोकांनीं तहान लागल्यावर या मुळाचा आश्रय केला. टंचाईंत सोय म्हणून आलेली ही वस्तु पुढें संवयीनें रुचि होऊन बसली. दक्षिणेंत तिचे जाणते चाहते आहेत. ते तिचें प्रमाण तोळामासा ठरवून घेतात, आणि त्यांच्या पितळी फिल्टरांतून उतरणाऱ्या त्या दाट काढ्याची निंदा करण्याचें धैर्य आमच्या अंगीं नाहीं. परंतु मिश्रणाच्या पुडीचा भाव व शुद्ध कॉफीचा भाव शेजारीं शेजारीं ठेवून "पाहा, केवढी लूट!" असें म्हणणाऱ्यानें निदान वेष्टनावरचीं बारीक अक्षरें वाचावीं. त्यानें स्वस्त कॉफी घेतलेली नसते. त्यानें कमी कॉफी घेतलेली असते.

सर्व मालाला एकच माप लावलें म्हणजे काय होतें, याचे दोन दाखले इतिहासांत आहेत. पहिला इंग्लंडचा. ड्रायडन ज्या विल्सच्या कॉफीगृहांत बसून तरुण कवींचे न्यायनिवाडे करी, त्या काळच्या लंडनच्या कॉफीगृहांविषयीं इंग्रजी वाङ्मयाचे अभ्यासक मोठ्या गहिंवरानें लिहितात. तेथील संभाषण उत्तम असेल. कॉफी मात्र बहुधा भयंकर होती. कारण १६६० मध्यें सरकारनें जो कर बसविला तो बियांवर नव्हे, तर तयार पेयावर, गॅलनला चार पेनी या दरानें. अधिकाऱ्यानें येऊन माप घेईपर्यंत विक्री करावयाची नाहीं. म्हणून दुकानदार पुष्कळशी कॉफी आधींच करून पिंपांत भरून ठेवीत व गिऱ्हाईक आलें म्हणजे ऊन करून देत. शिळी कॉफी व ताजी कॉफी यांना एकच कर, एकच भाव; मग ताजी करण्याचा खटाटोप कोण करणार? १६८९ मध्यें कर पेयावरून काढून बियांवर बसविला, तेव्हां ती पिंपें गेलीं.

दुसरा दाखला आपल्या देशाचा, आणि तो अधिक विचार करण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धामुळें युरोपचा बाजार बंद पडला आणि मळ्यांतला माल पडून राहण्याची वेळ आली. तेव्हां जी योजना पुढें आली ती १९४२ च्या कायद्यानें पक्की झाली. बागायतदारानें घरापुरती व बियाण्यापुरती कॉफी ठेवून बाकी सर्व कॉफी मंडळाच्या सामाईक सांठ्यांत जमा करावी, मंडळानें ती विकावी, आणि पैसे बागायतदारास हप्त्याहप्त्यानें द्यावे, असा हा क्रम. या योजनेनें त्या संकटाच्या काळीं अनेक मळे वांचले, व लहान बागायतदाराला कांहीं एक भाव निश्चित मिळाला, हें उपकार विसरतां येत नाहींत. पण तिनें आणखी एक गोष्ट केली. सांठ्यांत प्रतवारी होती. परंतु ती मुख्यतः बीची जात, धुतलेली कीं फळासकट वाळविलेली हा भेद, आणि चाळणीच्या भोंकाचा आकार यांवरून. ज्यानें चार फेऱ्या मारून लाल फळच खुडलें व ज्यानें एकदांच ओरबाडलें, त्या दोघांच्या बिया चाळणीवर सारख्याच आकाराच्या निघाल्या, तर त्यांचा ढीगहि एकच आणि भावहि एकच. मळ्याचें नांव त्या ढिगांत बुडून गेलें. सब घोडे बारा टक्के! अशा व्यवस्थेंत चांगली कॉफी करणें हा सद्गुण होता, धंदा नव्हता. आणि सद्गुणावर मजुरांचे पगार भागत नाहींत. ही पद्धति पन्नास वर्षें चालली. १९९२ पासून तिचें बंधन क्रमाक्रमानें सैल होत गेलें, आणि १९९६ मध्यें बागायतदार आपला माल आपल्या नांवानें विकावयास पूर्ण मोकळा झाला. मळ्याचें नांव, बीची जात व भाजल्याची तारीख छापलेलीं पाकिटें आपल्या शहरांत जीं दिसूं लागलीं, तीं त्यानंतरचीं होत. तीं निघालीं तेव्हां आमचे मित्र म्हणाले, "हीं कसलीं नवीं थेरें!" पन्नास वर्षें एकाच ढिगांतली कॉफी पिऊन ज्यांची जीभ घडली, त्यांना ढीग हाच कॉफीचा स्वभाव वाटावा, यांत नवल नाहीं.

या देशांत होणाऱ्या कॉफीपैकीं सुमारें दोन तृतीयांशाहून अधिक परदेशीं जाते, आणि आपला सर्वांत मोठा गिऱ्हाईक इटली आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यांत गोदामें उघडीं ठेवून, समुद्रावरून येणाऱ्या दमट वाऱ्यावर फुगविलेली 'मॉन्सून्ड मलबार' म्हणून एक कॉफी आहे. शिडाच्या जहाजांतून महिनोगणती प्रवास करतांना बियांना जी फिकट छटा व सौम्य चव येई, ती आगबोटींच्या वेगामुळें नाहींशी झाली, तेव्हां युरोपांतील गिऱ्हाइकांनीं तीच चव मागितली, म्हणून ही युक्ति निघाली. मंगळुराच्या गोदामांत आपल्याच पावसानें तयार होणारी ही वस्तु नॉर्वेंतील माणसाला नांवानें ठाऊक असावी आणि रत्नागिरीच्या माणसाला नसावी, याला दारिद्र्य हें कारण देतां येणार नाहीं. रत्नागिरीचा माणूस आपला आंबा लंडनला गेल्याचा अभिमान बाळगतो. पण त्याची उत्तम पेटी घरीं फोडावी एवढी हौसहि त्याला असते.

येथवर वाचून कोणी असें समजेल, कीं आम्ही प्रत्येक महाग पेल्याची वकिली करीत आहों. तसें मुळींच नाहीं. आमच्या पक्षाची जितकी हानि काटकसरी लोकांनीं केली, त्याहून अधिक शौकिनांनीं केली आहे. मोठ्या शहरांतील झगझगीत कॉफीगृहांत तीनशें रुपये देऊन जो पेला मिळतो, त्यांत अठरा ग्रॅम कॉफी असते असें धरूं. आणि ती बी पंधराशें रुपये किलोची, म्हणजे चांगल्यापैकीं आहे असेंहि धरूं. तिचे झाले सत्तावीस रुपये. बाकीचे पैसे जागेच्या भाड्याला, नोकरांच्या पगाराला, दुधाला, गारव्याला आणि गादीच्या खुर्चीला गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! खुर्ची वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. दोन तास बसून कोणाला कादंबरी लिहावयाची असेल तर ती स्वस्तहि पडेल. पण तें खुर्चीचें भाडें आहे. त्याला कॉफीचें मोल म्हणूं नये. आणि पुष्कळदां अशा पेल्यांतील कॉफी काळीकुट्ट भाजलेली व साखरेच्या पाकांत बुडविलेली असते, म्हणजे ज्या गुणासाठीं आम्ही अधिक दाम द्या म्हणतों तो गुण त्या सत्तावीस रुपयांतहि शिल्लक राहत नाहीं.

याहून वाईट प्रकार आहेत. उदमांजरानें खाऊन टाकलेल्या बियांची कॉफी जगांत अतिशय महाग विकली जाते. मूळ कल्पना अशी, कीं रानांतलें जनावर उत्तम पिकलेलें फळच निवडून खातें. पण मागणी वाढतांच इंडोनेशियांत हीं जनावरें पिंजऱ्यांत कोंडून त्यांना मिळेल तें फळ चारण्याचा धंदा सुरू झाला. निवड गेली आणि किंमत राहिली. 'पीबेरी' म्हणून फळांत दोन बियांऐवजीं एकच गोल बी निघते, तिलाहि जादा भाव मिळतो; गोलपणाला भाव देण्याचें कारण आम्हांस समजलेलें नाहीं. पनामांतील गेशा जातीची कॉफी २००४ मध्यें लिलांवांत पौंडाला २१ डॉलरनें गेली, तेव्हां तिच्या अपूर्व सुगंधाचा तो सन्मान होता. २०१९ मध्यें त्याच देशांतील त्याच जातीची एक कॉफी पौंडाला १,०२९ डॉलरनें गेली. पंधरा वर्षांत सुगंध एकोणपन्नासपट झाला असें मानावयास आम्ही तयार नाहीं. आणि टंचाईचा भाव तर आणखी निराळा. ब्राझीलमधील अवर्षणानंतर फेब्रुवारी २०२५ मध्यें न्यूयॉर्कच्या बाजारांत अरेबिकाचा भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. त्या महिन्यांत कॉफी महाग झाली, पण एक थेंबभरहि अधिक चांगली झाली नाहीं. टंचाईचा भाव, मिरवण्याचा भाव, खुर्चीचा भाव आणि गुणाचा भाव, हे चार भाव निरनिराळे आहेत. पहिले तीन पाहून चौथा नाकारणें, ही आमच्या काटकसरी मित्रांची खरी चूक होय.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. "ज्या देशांत कित्येकांना दोन वेळचें अन्न मिळत नाहीं, तेथें कॉफीच्या सुगंधावर चर्चा करणें शोभतें काय?" हा प्रश्न विचारणाऱ्याचा हेतु शुद्ध असतो, म्हणून त्याला सरळ उत्तर दिलें पाहिजे. कॉफी खुडण्याची मजुरी पुष्कळ ठिकाणीं टोपलीच्या वजनावर ठरते. दिवसभर उतारावर उभें राहून, कमरेला पोतें बांधून फळें खुडणारी बाई कधीं त्याच गांवची असते, कधीं आसाम-बंगालसारख्या दूरच्या प्रांतांतून कुटुंबासह आलेली असते. टोपलीचें वजन होतें, पण टोपलींतील लाल-हिरव्याचा हिशेब होत नाहीं, तेथें ती हिरवें फळ कां सोडील? सोडलें तर तिचीच मजुरी बुडते. लाल फळच हवें असेल तर तिला वजनाऐवजीं दिवसाचा रोज द्यावा लागतो, किंवा किलोचा दर वाढवावा लागतो, आणि तिला त्याच झाडापाशीं पुन्हां पुन्हां न्यावें लागतें. म्हणजे चांगली कॉफी मागणाऱ्याला, त्याच्या मनांत असो वा नसो, अधिक दिवसांची मजुरी द्यावीच लागते. जास्तीचा प्रत्येक रुपया आपोआप त्या बाईच्या पदरांत पडतो असें आम्ही म्हणत नाहीं. मधले हात पुष्कळ आहेत. परंतु चार फेऱ्यांचें काम एका फेरीच्या मजुरींत होत नाहीं, आणि स्वस्तांतल्या स्वस्त कॉफीचा आग्रह धरणारा मनुष्य तें काम नकोच असें सांगत असतो. दरिद्री माणसाच्या नांवानें केलेली ही काटकसर त्याच दरिद्री माणसाचे कामाचे दिवस कमी करते.

बागायतदार म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांसमोर बंगलेवाला साहेब उभा राहतो. पण देशांतील कॉफीच्या खातेदारांपैकीं शेंकडा अठ्याण्णवांहून अधिक दहा हेक्टरांच्या आंतले आहेत. त्यांच्या मळ्यांत सिल्व्हर ओक, फणस, उंबर यांच्या सावलींत कॉफी वाढते व त्या झाडांवर मिरीचे वेल चढतात. अशी सावली राखली म्हणजे पीक कमी येतें, पण फळ सावकाश पिकतें व चव सुधारते. शिवाय डोंगराची माती जागेवर राहते. २००१ च्या सुमारास जागतिक भाव पौंडाला पन्नास सेंटच्या खालीं घसरला होता. त्या वर्षांत लहान बागायतदारापुढें एकच हिशेब होता: खत तोडावयाचें, कीं छाटणी तोडावयाची, कीं सावलीचीं झाडें तोडून विकावयाचीं? गुणाचा भाव वेगळा मिळत असेल तरच हीं झाडें राखणें त्याला परवडतें. आपल्या महाराष्ट्रांत कॉफी पिकते ती मेळघाटांत चिखलदऱ्याला, आणि तीहि फार थोडी. तेव्हां हा प्रश्न आपला नाहीं असें कोणास वाटेल. पण पिणारे आपणच आहों, आणि त्या डोंगरांवरून निघणाऱ्या नद्या कोणत्या प्रांताला पाणी द्यावयाचें हें विचारून वाहत नाहींत.

राहतां राहिला घरखर्चाचा प्रश्न. हिशेबापुरतें असें धरूं, कीं साधी शुद्ध कॉफी सातशें रुपये किलो व निगुतीची कॉफी चौदाशें रुपये किलो आहे, आणि पेल्याला पंधरा ग्रॅम लागते. साध्या कॉफीचा पेला साडेदहा रुपयांना पडला, चांगलीचा एकवीस रुपयांना. दिवसाला दोन पेले पिणाऱ्याला महिन्याचा फरक सहाशें तीस रुपयांचा. ही रक्कम कांहीं घरांत लहान नाहीं, हें आम्ही जाणतों. ज्याला ती जड वाटते त्यानें दोन पेल्यांऐवजीं एक पेला घ्यावा. खर्च तितकाच राहील. पण ज्या घरांत महिन्यांतून दोनदां त्या गादीच्या खुर्चीवर बसण्यासाठीं कुटुंबासह बाराशें रुपये मोजले जातात, त्यांनीं हा हिशेब आमच्यापुढें मांडूं नये.

आणि पैसे द्यावयाचेच तर कशासाठीं, हें विचारून द्यावे. बी कोणत्या मळ्याची, कोणत्या जातीची, धुवून वाळविलेली कीं फळासकट, आणि मुख्य म्हणजे भाजली केव्हां? भाजलेल्या बीचा सुगंध कांहीं आठवड्यांत उतरतो. दळलेल्या पुडीचा तर कांहीं दिवसांतच. परदेशांतून आलेला सुंदर डबा सहा महिन्यांपूर्वीं भाजलेला असेल, तर त्याला दिलेला प्रत्येक जादा रुपया पत्र्याला दिला असें समजावें. आमच्या बहुतेक वेष्टनांवर 'अमुक तारखेपूर्वीं वापरावें' असें छापलेलें असतें. भाजल्याची तारीख शोधूनहि सांपडत नाहीं, कारण ती कोणी विचारीत नाहीं. मुंबईंत माटुंग्याला समोर कॉफी दळून देणारीं जुनीं दुकानें आहेत. तेथें तामीळ घरांतील म्हातारी येते, अरेबिका व रोबस्टाचें प्रमाण सांगते, चिकोरी किती घालावयाची तें सांगते, दळण जाड कीं बारीक तें सांगते, आणि पहिल्या मुठीचा वास घेतल्याखेरीज पैसे काढीत नाहीं. तिच्या मागें रांगेंत उभा असलेला आमचा पदवीधर गृहस्थ, आंबेमोहोराचा दाणा दांताखालीं घालून पारखणारा, पुढें सरतो आणि म्हणतो, "द्या हो कोणतीहि. त्यांतल्या त्यांत स्वस्त."